पुण्याला कमी, गडचिरोलीला जास्त? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

विद्यापीठांच्या अनुदानावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत. उत्तरही सविस्तरच द्यावं लागेल, म्हणून ते वेगळं टाकतोय.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी तिचा गोषवारा देतो. तुम्ही गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. तुमचं म्हणणं असं, की राज्य सरकार मुंबई-पुण्याला झुकतं माप देतं हा माझा दावा आकडेमोडीत टिकत नाही. सरकारी अनुदानाला विद्यार्थिसंख्येनं भागलं तर पुण्याच्या विद्यार्थ्यामागे गडचिरोलीच्या विद्यार्थ्यापेक्षा कमी रक्कम येते, तेव्हा अन्याय झालाच असेल तर तो पुण्यावर. पुढे तुम्ही चीनचा दाखला दिलात: त्यांनी निवडक विद्यापीठांवर (तुमच्या शब्दांत ‘शिखर विद्यापीठांवर’) पैसा ओतला म्हणून ती आज जगात दिसतात, आणि आपण जिल्ह्याजिल्ह्याला विद्यापीठाची पाटी लावत सुटलोय. शेवटी, ‘अनुशेषाची रड पुरे, छोटी विद्यापीठं मोठ्यांत विलीन करा आणि वाचलेला पैसा गुणवत्तेवर लावा.’

आधी भागाकार पाहू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

पुणे विद्यापीठाचे विद्यार्थी म्हणून जी लाखांतली संख्या तुम्ही घेतलीत, त्यातले बहुसंख्य गणेशखिंडीत शिकतच नाहीत. ते पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांत आहेत. संगमनेरच्या एखाद्या अनुदानित महाविद्यालयात बी.कॉम. करणाऱ्या मुलीला शिकवणाऱ्या प्राध्यापकाचा पगार उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयामार्फत थेट महाविद्यालयाकडे जातो. महाविद्यालय विनाअनुदानित असेल तर तो तिच्याच फीमधून निघतो. विद्यापीठाच्या अनुदानातला रुपयाही तिच्या वाट्याला येत नाही. ते अनुदान विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतल्या मंजूर शिक्षकांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी असतं. उलट ही मुलगीच विद्यापीठाला पैसे देते: पात्रता शुल्क, परीक्षा शुल्क, गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र. तुम्ही तिला खर्चाच्या बाजूला धरलंत, पण विद्यापीठाच्या अर्थसंकल्पात ती जमेच्या बाजूला आहे. भाजक म्हणून घ्यायचे तर विद्यापीठाच्या विभागांत प्रत्यक्ष शिकणारे विद्यार्थी घ्या, आणि त्याच्या जोडीला मंजूर पदं आणि भरलेली पदंही मोजा. मग चित्र वेगळं दिसतं.

मी नोकरीची बरीच वर्षं एका विभागीय विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागात काढली. बाहेरच्या माणसाला वाटतं, मंत्रालयात कुठेतरी एक सूत्र असेल: इतके विद्यार्थी, इतकं संशोधन, इतका मागास भाग, म्हणून इतके कोटी. असं सूत्र निदान मला तरी कधी दिसलं नाही. विद्यापीठाला राज्याकडून येणारा मुख्य पैसा म्हणजे वेतन अनुदान, आणि ते पदामागे जातं. पद मंजूर असेल आणि भरलेलं असेल, तर पैसे येतात. पद रिकामं असेल तर तितकं अनुदान कमी. वेतनेतर अनुदानाबद्दल बोलण्यासारखं फारसं काही नाही.

म्हणजे खरा प्रश्न असा, की पदं कुणाला केव्हा मिळाली? मुंबई १८५७ चं, नागपूर १९२३ चं, पुणे १९४९ चं, औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. यांचे विभाग उभे राहिले तेव्हा सरकार विभागाबरोबर पदंही देत होतं. अमरावती (१९८३), जळगाव (१९९०) आणि नांदेड (१९९४) यांच्या वेळेला हात आखडता झाला. सोलापूर २००४ मध्ये आलं आणि गडचिरोलीचं गोंडवाना २०११ मध्ये, तोवर सरकारच्या लेखी नवं पद म्हणजे कायमची जबाबदारी झाली होती. त्यांना कायदा मिळाला, कुलगुरू मिळाले, बोधचिन्ह मिळालं. आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, मात्र बोटभर. त्यावर २५ मे २०१७ ला वित्त विभागानं पदभरतीवर बंदी घातली आणि जे जिथे होतं ते तिथेच गोठलं. ही वाटणी कुणी बसून ठरवलेली नाही. कोण आधी जन्मलं त्यावर ती पडली, आणि पुढे तीच रीत झाली.

विद्यापीठ अनुदान आयोगाचा एक साधा निकष आहे: पदव्युत्तर विभागात निदान एक प्राध्यापक, दोन सहयोगी प्राध्यापक आणि चार सहायक प्राध्यापक हवेत. नव्या विद्यापीठांत असे सात नियमित शिक्षक असलेला विभाग शोधावा लागतो. एखाद-दोन माणसं कायम आणि बाकीचे कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर, हे नेहमीचं दृश्य. त्या कंत्राटी शिक्षकांचं मानधन विद्यापीठ स्वतःच्या निधीतून देतं.

आता हा स्वतःचा निधी येतो कुठून, तेही बघा. मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत सात जिल्हे आहेत: मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गचा मुलगाही परीक्षा शुल्क मुंबईलाच भरतो. ‘शिखर विद्यापीठ विरुद्ध प्रादेशिक विद्यापीठ’ अशी तुमची मांडणी मला म्हणूनच थोडी खटकते. शिखराच्या पोटात अख्खं कोकण आहे, आणि त्या कोकणाच्या वाट्याला येतं ते उपकेंद्र. पुण्याच्या कक्षेतल्या नाशिकचंही तेच. संलग्न महाविद्यालयांच्या शुल्कातून जी शिल्लक साठते, तिच्या मुदत ठेवी होतात. सरकारनं पद भरलं नाही तर जुनं विद्यापीठ त्या ठेवींच्या जोरावर चार वर्षं कळ काढतं. नव्याकडे ठेवीच नसतात.

बरं, हा झराही आटत चाललाय. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि वैद्यकीय महाविद्यालयं सगळ्यांच्या हातून गेली. २०१४ च्या कायद्यानं लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ राज्यभर संलग्नता देऊ लागलं आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं तिकडे वळू लागली. मग समूह विद्यापीठं आली: मुंबईत एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था अशा सरकारी संस्था मिळून होमी भाभा विद्यापीठ झालं, साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेची तीन मोठी महाविद्यालयं शिवाजी विद्यापीठातून बाहेर पडली. मुंबई-पुण्याला हे जाणवतं, नाही असं नाही. पण गोंडवानाची स्थिती बघा. त्याला मुळात मिळाले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोनच जिल्हे. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या जेमतेम पावणेअकरा लाख, आणि त्यात जवळपास ३९ टक्के अनुसूचित जमाती. वैद्यकीय महाविद्यालयांचं शुल्क गोंडवानानं कधी पाहिलंच नाही. विद्यार्थ्यांपैकी मोठ्या वर्गाची फी शिष्यवृत्तीतून, म्हणजे महाडीबीटी या सरकारी पोर्टलमार्गे, सरकारच भरणार, आणि ती प्रतिपूर्ती किती वेळेवर येते हे कुठल्याही महाविद्यालयाच्या लेखापालाला विचारा. अशा विद्यापीठाला ‘स्वतःचं उत्पन्न वाढवा’ असं सांगणं म्हणजे परीक्षा शुल्क वाढवा असं सांगणं.

चीनचा मुद्दा. निवडक विद्यापीठांना जादा पैसा देणाऱ्या त्यांच्या ‘९८५ प्रकल्पा’त पुढे ३९ विद्यापीठं आली आणि पहिल्या टप्प्यात पेकिंग आणि चिंगह्वा यांना प्रत्येकी १.८ अब्ज युआन मिळाले, हे खरं. पण तो केंद्र सरकारनं वर घातलेला जादा पैसा होता. एका प्रांतानं आपल्या छोट्या विद्यापीठाची पदं कापून मोठ्याला दिली, अशी ती गोष्ट नाही. आपल्याकडची तिची जवळची बहीण म्हणजे केंद्राची ‘इन्स्टिट्यूशन्स ऑफ एमिनन्स’ योजना. त्यात सार्वजनिक संस्थांना पाच वर्षांत १,००० कोटींपर्यंत देण्याची योजना होती. महाराष्ट्रातून सार्वजनिक गटात आयआयटी मुंबई आली, ती केंद्राचीच. जादवपूर आणि अण्णा या दोन राज्य विद्यापीठांची शिफारस झाली होती, पण राज्यांनी आपला वाटा उचलण्याची हमी दिली नाही म्हणून ती दोन्ही मागे पडली. शिखर विद्यापीठांना राज्य सरकारं किती जपतात याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

तुमच्या विद्यापीठाचंच घ्या. २०२४ च्या एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्राच्या क्रमवारीत, राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या यादीत पुणे देशात तिसरं होतं. त्याच सुमारास, डिसेंबर २०२३ मध्ये, त्याला १११ शिक्षकांची जाहिरात काढावी लागली, कारण इतकी माणसं नव्हती. मुंबईची २०२४ ची जाहिरात १५२ जागांची होती. पुण्यावर अन्याय होतोय हे तुमचं म्हणणं मी मान्य करतो. फक्त आरोपी म्हणून तुम्ही गडचिरोलीकडे बोट दाखवताय, तिथे पत्ता चुकतोय.

आणि इथे एक गोष्ट सहसा सुटते. केंद्राचा संशोधन निधी जिथे आधीच संशोधन आहे तिथे जातो. विद्यापीठांतल्या संशोधनासाठीच्या ‘पर्स’सारख्या योजनेत तर प्रकाशनंच मोजतात. नियमित शिक्षक नाहीत म्हणून पीएच.डी.चे मार्गदर्शक नाहीत, मार्गदर्शक नाहीत म्हणून प्रकाशनं नाहीत, प्रकाशनं नाहीत म्हणून प्रकल्प नाहीत. मग पाच-सात वर्षांनी तुमच्यासारखा वाचक विचारतो, ‘यांना पैसे देऊन निघालं काय?’ प्रश्न रास्त आहे. पण पैसे कशासाठी दिले होते, हे आधी पाहायला हवं. केंद्राच्या ‘पीएम-उषा’ या उच्च शिक्षण योजनेतून सोलापूर विद्यापीठाला १०० कोटी मंजूर झाले, हे उदाहरण कुणी माझ्या तोंडावर फेकेल, म्हणून मीच देतो. चांगलं झालं. पण तो पैसा मुख्यतः बांधकाम, डागडुजी आणि उपकरणांचा आहे. यंत्र येतं, ते चालवायला नियमित माणूस येत नाही.

अनुशेषाबद्दल थोडक्यात. तो शब्द मी लेखात वापरलाच नव्हता, तुम्हीच आणलात. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीनं १९८४ मध्ये ३,१८६.७८ कोटींचा अनुशेष काढला, तो रस्ते, सिंचन, पाणीपुरवठा, शिक्षण अशा क्षेत्रांत कुठला जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे हे मोजून. त्यात रड काही नव्हती, मोजमाप होतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठीच्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, त्यामुळे असं मोजत राहणारी हक्काची जागाही गेली. घटनेच्या कलम ३७१(२) मध्ये तंत्रशिक्षणाच्या न्याय्य सोयींचा उल्लेख अजून आहे, एवढं नोंदवून पुढे जातो.

राहिलं विलीनीकरण. यातला अर्धा मुद्दा मला पटतो: पदं न देता नवं विद्यापीठ जाहीर करणं ही फसवणूक आहे, आणि अशा घोषणा निवडणुकीच्या तोंडावरच सुचतात. पण असलेलं विद्यापीठ मोडून वाचणार काय? एक कुलगुरू, एक कुलसचिव, एक परीक्षा नियंत्रक आणि त्यांच्या गाड्या. गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाच्या सिरोंच्याहून गडचिरोली शहर दोनशे किलोमीटरच्या वर आहे, आणि विलीनीकरणानंतर जिथे जावं लागेल ते नागपूर तिथून आणखी पावणेदोनशे. गुणपत्रिकेतली नावाची चूक दुरुस्त करायला सिरोंच्याच्या मुलानं तो प्रवास करायचा, आणि तो खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसणार नाही. मोठं म्हणजे कार्यक्षम, असंही नाही. २०१७ मध्ये ऑनलाइन मूल्यांकनाच्या घोळात मुंबई विद्यापीठाचे निकाल कित्येक आठवडे रखडले आणि शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. सात जिल्ह्यांचा पसारा नसता तर तो घोळ इतका वाढला नसता, असं मला वाटतं.

तुमचा शेवटचा प्रश्न: मग पैसा आणायचा कुठून? मी मागतोय ते मोठं नाही. प्रत्येक विद्यापीठाला, ते केवढंही असो, त्याच्या चालू विभागांपुरती एक-दोन-चार ही पदं मंजूर करून द्या, आणि ती भरण्यासाठी दर वेळी वित्त विभागाच्या परवानगीची वाट पाहायला लावू नका. त्यावरचं जे द्यायचं ते संशोधन बघून द्या. तिथे पुण्याला जास्त मिळालं तर माझी हरकत नाही. दहा विभाग असलेल्या विद्यापीठाला हा हिशेब सत्तर पदांचा पडतो, आणि त्यातली काही तिथे आधीच असतात. २०१८ मध्ये राज्य सरकारनं महाविद्यालयांतल्या सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरायला एका फटक्यात परवानगी दिली होती.