कुलूप नको, घरी न्यायला द्या

परवा ग्रंथालयात पुन्हा तेच. रॅकवर सिनेमाच्या मासिकाचं मुखपृष्ठ ऐटीत उभं होतं. हातात घेतलं तर आत काहीच नाही, पिनांची दोन भोकं तेवढी. कोणीतरी निवांत बसून पिना उघडल्या, पानं काढली आणि आम्हाला लगेच कळू नये म्हणून कव्हर जागेवर ठेवलं. चोराची चिकाटी बघून क्षणभर कौतुकच वाटलं.

बरीच वर्षं नियतकालिक विभागात काढल्यावर एवढं कळतं की जातं तेच, जे लोकांना हवं असतं. सिनेमा, खेळ, मोटारी, विणकाम, नोकरीच्या परीक्षा. संशोधनपत्रिका मात्र कधीच हरवत नाहीत. त्यांच्यावरची धूळसुद्धा कोणी चोरत नाही.

आता सगळे म्हणतात, कॅमेरे लावा, दाराशी गेट बसवा. गेटचं तंत्र चांगलं आहे, वाद नाही. अंकाच्या कण्यापाशी चुंबकीय पट्टी चिकटवायची, ती निष्क्रिय न करता अंक बाहेर नेला की गेट ओरडतं. पण साप्ताहिक असेल तर वर्षाला 52 पट्ट्या, त्याही फार दिवस न टिकणाऱ्या कागदावर. आणि खरा उपद्रवी अंक नेतच नाही. तो ब्लेडने एक पान कापतो, घडी घालून खिशात टाकतो. पट्टी आत, गेट गप्प. अख्खा अंक नेणारा मला परवडला. कापलेला अंक हाती येतो तेव्हा वाचणाऱ्याची गोष्ट नेमकी शेवटच्या पानावर तुटलेली असते.

ताजा अंक काउंटरवर ठेवून ओळखपत्राच्या बदल्यात द्यायचा, रॅकवर कव्हरची झेरॉक्स लावायची, हा उपाय चालतो. चोरी लगेच कमी होते. पण वाचनही कमी होतं! मागायला संकोचणारे आले तसे परत जातात. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये साखळ्यांनी बांधलेली जुनी पुस्तकं अजून जपून ठेवली आहेत. आपल्याला तिकडे परत जायचंय का? ग्रंथ वापरासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा पहिला नियम 1931 सालचा. मासिकानं काय पाप केलंय?

मला विचाराल तर ताजा अंक काउंटरवर ठेवा, पण मागचे अंक तीन-तीन दिवस घरी न्यायला द्या. सगळ्यात जास्त चोरीला जाणाऱ्या मासिकाची दुसरी प्रत घ्या, कोणी न उघडणारं एखादं बंद करा. शिक्का कव्हरवर मारून उपयोग नाही, मधल्या पोस्टरवर मारा. शिक्क्याचं पोस्टर भिंतीला कोण लावतो?

सोमवारी समितीपुढे हे मांडणार आहे. कॅमेऱ्यांचा ठराव म्हणे आधीच टाइप झालाय.