लिलीचा कंद आणि मिठाचे पाणी

पहिल्या पावसानंतर सोलापुरातल्या कुंड्यांमध्ये पावसाळी लिली फुलते, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश असा: लिली व निशिगंध यांचे कंद प्राणघातक असतात, नुसता हात लागला तरी विष भिनते, उकळल्यास ते नाहीसे होते आणि कोणी खाल्लेच तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवावी.

निशिगंध यात विनाकारण गोवला गेला आहे. तो घायपाताच्या गोतातला असून विषारी वनस्पतींत त्याची गणना होत नाही. पावसाळी लिली, स्पायडर लिली आणि अमॅरिलिस यांच्या कंदांत मात्र लायकोरिन हे अल्कलॉइड (वनस्पतींत तयार होणारे, शरीरावर तीव्र परिणाम करणारे रसायन) असते. त्याने लाळ सुटते, उलट्या व जुलाब होतात. लहान मुलांच्या बाबतीत हे गंभीर ठरू शकते, पण ‘विषारी’ आणि ‘प्राणघातक’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. स्पर्शाने विष भिनत नाही. चिकामुळे त्वचेला खाज सुटू शकते, एवढेच.

उकळण्याचा दावा अधिक घातक आहे. 2009 मध्ये इंग्लंडमधील सफोक येथे शाळकरी मुलांनी केलेल्या सूपमध्ये कांदा समजून डॅफोडिल या, पावसाळी लिलीच्याच कुळातल्या आणि लायकोरिन असलेल्या फुलझाडाचा कंद पडला आणि सूप शिजवलेले असूनही मुले आजारी पडली. कांद्याच्या मोठ्या बाजारपेठेच्या आपल्या गावात ही गफलत अशक्य नाही; लावण्यासाठी काढलेले कंद कांद्याच्या टोपलीत ठेवू नयेत. चिरल्यावर कांद्याचा उग्र दर्प आला नाही, तर ते फेकून द्यावे.

ज्याला खरोखर भ्यावे, त्या कळलावीचा संदेशात उल्लेखही नाही. लाल-पिवळ्या ज्वालांसारख्या फुलांच्या या वेलीचा गाठाळ कंद रताळ्यासारखा दिसतो. त्यातील कोल्चिसिन हे विष शिजवूनही टिकते आणि त्यावर हुकमी उतारा नाही. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, आणि पोट सावरले असे वाटत असतानाच एक-दोन दिवसांत मूत्रपिंड, हृदय व अस्थिमज्जा यांवर परिणाम दिसू लागतो. त्यामुळे कळलावी पोटात गेली असेल, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहत बसू नये.

राहिले मिठाचे पाणी. त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकते आणि उलटी श्वासनलिकेत शिरू शकते; म्हणजे कंदाने न झालेली इजा उपचाराने व्हायची. तोंडातील तुकडे काढून चूळ भरायला लावावी, 108 क्रमांकावर फोन करावा आणि उरलेला कंद पानांसह डॉक्टरांना दाखवायला न्यावा.