पी०१७२ आला म्हणून सेन्सर बदलू नका

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिनाभर एक फॉरवर्ड फिरतंय. त्यात म्हटलंय: नव्या टर्बो पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०१७२ म्हणजे ‘मिश्रण रिच’ (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) हा कोड आला, धूर काळा आणि पेट्रोलचा वास असेल, तर ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलून टाका. दोष ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा. तोवर बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, दिवा विझेल. पीयूसी पास असेल तर काळजी नको. आणि मधूनमधून एक्स्प्रेसवेवर गाडी पिळून काढा.

आधी सेन्सर. तो एक्झॉस्टमध्ये बसून जळल्यावर उरलेला ऑक्सिजन बघतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. आकडा वजा म्हणजे पेट्रोल कापतोय, अधिक म्हणजे वाढवतोय. कापून कापून ट्रिम मर्यादेबाहेर गेला की पी०१७२ येतो.

आता धरून चालू की सेन्सर खोटं बोलतोय. तो उगाच ‘रिच’ ओरडत असेल तर ईसीयू पेट्रोल कापत जाईल आणि मिश्रण प्रत्यक्षात लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, होईल. मग काळा धूर कुठून येणार? उलट तो खोटंच ‘लीन’ सांगत असेल तर पेट्रोल वाढेल, धूरही काळा येईल, पण कोड येईल पी०१७१, म्हणजे ‘मिश्रण लीन’. म्हणजे पी०१७२ आणि काळा धूर एकत्र दिसले तर सेन्सर बहुधा खरंच सांगतोय. फॉरवर्डमध्ये दिलेली लक्षणंच त्याच्या निदानाच्या विरोधात जातात. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर सेन्सरची किंमत आपल्या खिशातून.

ई-२० चं तर गणितच उलटं आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन असतोच. ई-२० ला साडेतेराच्या आसपास. त्यामुळे ई-२० वर ईसीयूला शुद्ध पेट्रोलपेक्षा जास्त इंधन द्यावं लागतं, ट्रिम सरकलाच तर अधिककडे सरकतो. मायलेज पडल्याची तक्रार खुशाल करा, ती रास्त आहे. पण रिचचा आळ त्याच्यावर नको.

बॅटरीची वायर काढली की दिवा विझतो, खरं आहे. सोबत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, म्हणजे कोड पडला त्या क्षणी आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान आणि ट्रिम किती होते याची नोंद. निदानाला सगळ्यात उपयोगी कागद आपणच फाडायचा. पीयूसीचं म्हणाल तर ती चाचणी उभ्या गाडीवर होते. टर्बो प्रेशर द्यायला लागल्यावर काय होतं ते तिथे दिसतच नाही.

शेजारच्या काकांची गाडी घ्या. एक लिटरचं तीन सिलिंडर टर्बो, अकरा महिन्यांची. फॉरवर्ड वाचून ते सेन्सर मागवायला निघाले होते. मी डॉंगल (मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर) लावून बघितलं: आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने शिकून ठेवलेली दुरुस्ती) वजा १९ टक्के, अडीच हजार आरपीएमला वजा ६, रस्त्यावर एकसारख्या वेगात वजा २. हा उतार बोलका असतो. कुठून तरी थोडंसं पेट्रोल फुकट आत येतंय. आयडलला हवा कमी, म्हणून तेवढंही खूप ठरतं. वेगात ते हवेत हरवून जातं. आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) पाइप फाटला असता तर उलट, वेगात आणि लोडवर वजा दिसलं असतं, कारण मोजलेली हवा प्रेशर आल्यावरच बाहेर जाते.

विचारलं, “पेट्रोल भरल्यावर लगेच स्टार्ट व्हायला त्रास देते का?”

“पंपावरच! मागचे हॉर्न मारतात.”

पर्ज व्हॉल्व्ह. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि हा व्हॉल्व्ह ती थोडीथोडी इंजिनला पाजतो. तो उघडाच अडकला तर पेट्रोल भरताना उठलेली वाफ सरळ इंजिनात जाते, म्हणून स्टार्टला त्रास. त्याचा कनेक्टर काढला की तो बंदच राहायला हवा. मी कनेक्टर काढला, डब्याकडून येणारी नळी सोडवली आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर अंगठा ठेवला. चांगला खेचत होता, म्हणजे बंद होत नव्हता. अंगठा तसाच दाबून ठेवला तर स्क्रीनवर शॉर्ट टर्म ट्रिम (त्या क्षणाची दुरुस्ती) वर चढू लागला. व्हॉल्व्ह वॉरंटीत बदलून मिळाला. एक सवय मात्र काकांची स्वतःची: ऑटोकट झाल्यावर “राउंड फिगर करा”. त्याने वाफेऐवजी पातळ पेट्रोल डब्यात जाऊ शकतं.

एक्स्प्रेसवेचा सल्ला अर्धा बरोबर आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्या रोज दोन-तीन किलोमीटरच चालल्या तर इंजिन नीट तापत नाही, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि त्याची वाफ ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, येते. हाही रिचच. लांबच्या फेरीत ते बरंचसं उडून जातं. पण गाडी पिळायची गरज नाही. फुल थ्रॉटलला ईसीयू टर्बो थंड ठेवायला मुद्दामच जास्त पेट्रोल देतो. एकसारख्या ऐंशीच्या वेगाने तास-पाऊण तास पुरे. त्याआधी डिपस्टिक काढून बघा. पातळी ‘मॅक्स’च्या वर चढलेली असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर आधी ऑइल बदला, मग कोड पुसा आणि चार दिवसांनी ट्रिम पुन्हा वाचा. काकांचंही बघितलं होतं. पातळी बरोबर मध्यावर होती.