म्हातारीची फाईल आणि तात्यांची समिती

पेपर आधी तात्यांच्या हातात जातो, सरपंच म्हणून. मग आमच्या. त्यामुळे बालसंगोपन योजनेचे, म्हणजे आईबापाचं छत्र हरपलेली पोरं घरातच वाढावीत म्हणून सरकार देतं ते पैसे पुन्हा थकल्याची बातमी आम्हाला तात्यांच्या भाष्यासकटच कळली.

"बरं झालं थकले. फुकटच्या पैशानं माणूस बिघडतो. खुरपायला बाया मिळंनात."

कुठल्याही योजनेवर तात्यांचं हेच मत असतं. पीएम किसानचा हप्ता सोडून. तो हक्काचा.

शकील झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून आला होता. "तात्या, पोरामागं महिन्याला 2250 आहेत ते. त्याआधी 1100 होते, त्याच्याही आधी 425. एवढ्यात तुमच्या म्हशीची सरकी तरी भागते का?"

"म्हशीचं काढू नको."

म्हशीचं निघालंच. मास्तर इतका वेळ शब्दकोडं सोडवत होते, त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "सरकी भागत असती तर माझ्या उसात कशाला शिरली असती?" मग ऊस, उसावरून बांध, बांधावरून वरच्या वाडीतली मतं कुणी फोडली, इथपर्यंत गाडी गेली. चहा आला तेव्हा दोघंही एकमेकांचे आजोबा काढत होते.

विषय परत रुळावर आणला तो शकीलनंच. खालच्या आळीतली म्हातारी आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक. ल्योक ट्रॅक्टरखाली गेला, सुनेनं दुसरं घर केलं, दोन नातवंडं आजीच्या पदरात. तिची फाईल शकीलच्या काउंटरखाली पडून आहे.

"आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, पासबुक. आणि पोरांना घेऊन घरासमोर काढलेला फोटो. म्हातारी फोटोसाठी शेजारणीचं इरकल नेसून आली. म्हटलं आजी, जुनंच नेसा, गरीब दिसायचंय आपल्याला. तर म्हणती, पोरांचा बा गेल्यापासनं फोटो काढलाच न्हाई रं, एक चांगला येऊ दे."

बंड्या हसला. बंड्या कशालाही हसतो.

"बरं, मृत्यूच्या दाखल्यावर ल्योक 'बाळासाहेब' आणि आधारवर 'बाळू'. आता जिल्ह्याला बालकल्याण समिती बसणार. एक अध्यक्ष, चार सदस्य, मॅजिस्ट्रेटचे अधिकार. आणि त्यांनी ठरवायचं काय, तर बाळू मेलाय का बाळासाहेब."

मास्तरांनी पेपराची घडी घातली. म्हणजे आता भाषण. "एवढा उपद्व्याप कशाला? बालगृहात घालावीत पोरं. वेळेवर जेवण, शाळा, शिस्त. म्हातारी किती दिवस पुरणार?"

"मास्तर," शकील म्हणाला, "2015 चा बाल न्याय कायदाच म्हणतो, संस्था हा शेवटचा उपाय, आधी घर. आजी आहे, घर आहे, कमी आहेत ते पैसे. पैसे कमी म्हणून पोरंच घरातनं उचलायची? तुमचा पिंट्या पुण्याच्या होस्टेलवरनं दर रविवारी मेसच्या भाजीसाठी रडत होता. त्याला तर आईबाप दोघं होते."

मास्तर परत शब्दकोड्यात गेले.

"म्हातारीला संजय गांधी निराधार लावा की," तात्या म्हणाले. आपल्या खिशातलं काही जाणार नसलं की ते उदार होतात.

"लावू. 1500 मिळतील. पण वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत दाखवायला लागतं, म्हणजे महिन्याला 1750. खुरपून त्यापेक्षा चार रुपये जास्त मिळाले तर ती निराधार नाही. लाडक्या बहिणीला मात्र अडीच लाखांपर्यंत चालतं."

तात्या एकदम चहा फुंकायला लागले. त्यांच्या सुनेचा फॉर्म शकीलनंच भरलाय.

बंड्यानं मोबाईलमधून डोकं वर काढलं. "1098 ला फोन लावायचा. चाइल्डलाइन. रीलमध्ये बघितलंय." बंड्याचं पहिल्यांदाच काहीतरी बरोबर निघालं. मास्तरांना राहवलं नाही, 1996 ला मुंबईत सुरू झाली, आधी संस्था चालवायच्या, 2023 पासून सरकारनं आपल्या हातात घेऊन 112 ला जोडली, असं सगळं त्यांनी सांगून टाकलं.

"लावू या," शकील म्हणाला. "पण ते पहिलं विचारतील, तुमच्या गावातली समिती काय करते?"

"गावात कसली आलीय समिती?" तात्यांना जोर आला. "सगळा कागदावरचा कारभार! कुणीतरी बसतंय, कुणीतरी सह्या ठोकतंय..."

आणि नेमक्या सुनंदावहिनी आल्या. अंगणवाडी सुटली होती, काखेत रजिस्टरं होती, मास्तरांना घरी न्यायला आल्या होत्या. तात्यांचं शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलेलं दिसलं.

"ग्राम बाल संरक्षण समिती. आहे की आपल्या गावात. मी सचिव," त्या म्हणाल्या. "अध्यक्ष सरपंच असतात, तात्या."

तात्यांनी बशी खाली ठेवली.

"मागच्या मीटिंगची सही तुम्ही पाणीपट्टीचा ठराव समजून केलीत. म्हातारीचा विषय त्यात दोन नंबरला आहे. गृहचौकशीला माणूस आला तर सरपंचांनी सोबत जावं, असं तुम्हीच ठरवलंय." मग नवऱ्याकडं वळून, "आणि हे मुख्याध्यापक म्हणून सदस्य. ह्यांनी तर वाचून सही केलीय."

मास्तरांना आडव्या ओळीतला पाच अक्षरी शब्द एकदम सुचला.

बंड्या पारावरून पडायचा बाकी राहिला. शकीलनं हात जोडले. "अध्यक्ष, सचिव, सदस्य. मीटिंग भरली की हो! चहा पंचायतीच्या सादिल खर्चातनं घ्या."

हसणं ओसरल्यावर तात्या सावरले. सोमवारी गाडी काढतो, म्हातारीला आणि पोरांना जिल्ह्याला घेऊन जातो, बाळू आणि बाळासाहेब एकच असा ग्रामपंचायतीचा दाखलाही देतो, म्हणाले. दाखला खरंच लागणार होता, म्हणून शकीलनं तिथल्या तिथं मजकूर सांगायला घेतला. "डिझेलचं मात्र..." म्हणत तात्यांनी मास्तरांकडं बघितलं.

"उसाच्या नुकसानीतनं वळतं करून घ्या," मास्तर म्हणाले.

"आणि तात्या, तिथं फोटो काढताना मधे उभे राहू नका," शकील म्हणाला. "तुमचा चेहरा बघून समिती तुमचंच संगोपन मंजूर करायची."

"मेल्या, आधी त्या दाखल्याचा कागद टाईप कर!"

"करतो की. ग्रामपंचायतीची मागची झेरॉक्सची उधारी तेवढी द्या."

तात्यांनी पेपर उचलला आणि हवामानाचं पान काढलं.