'वय झालंय त्यांचं' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरात पेठांच्या, तालमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: काचबिंदू झालेली म्हातारी माणसं गप्प होतात ती वयामुळं, पेपर वाचता येतोय म्हणजे नजर शाबूत आहे, ऑपरेशन केलं की दिसेल आणि मनही ताळ्यावर येईल, मनाच्या गोळ्यांनी मात्र डोळे जातात, तिकडं फिरकू नका. यातलं शेवटचं अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक.

आधी पेपरचं बघू. काचबिंदूत नजर बहुतेक वेळा कडेनं जाते, मधली बराच काळ टिकते. त्यामुळं आण्णा पेपर अथपासून इतिपर्यंत वाचतात, दवाखान्यातल्या तक्त्यावरची बारीक ओळही म्हणून दाखवतात; पण महाद्वार रोडवर बाजूनं आलेली दुचाकी त्यांना अंगावर येईतो दिसत नाही. संध्याकाळच्या उजेडात पायरीची कड कळत नाही. एकदा धडपडले की रंकाळ्यावरचं फिरणं सुटतं, मग कट्टा, मग लग्नकार्यं. घरचे म्हणतात, वय झालं. अहो, वय मागच्या वर्षीही झालेलंच होतं की!

नैराश्य हा म्हातारपणाचा भाग नव्हे, तो आजार आहे, आणि काचबिंदू असलेल्यांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो. उतारवयात रडारड दिसेलच असं नाही. अंग दुखतंय, झोप लागत नाही, जेवण नको, चिडचिड, 'मला कशाला विचारता?' हे दोन आठवड्यांच्या वर चाललं तर डॉक्टरांना दाखवायला हवं. अशा मनःस्थितीत डोळ्यांत थेंब घालणंही राहून जातं, आणि मग डोळ्यातला दाब वाढून नजर आणखी जाते.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात: ही मोतीबिंदूशी केलेली गल्लत आहे. काचबिंदूत डोळ्याची नस खराब होते, गेलेली नजर परत येत नाही. थेंब, लेझर, ऑपरेशन, सगळं उरलेली नजर राखण्यासाठी.

आता गोळ्या. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हेत) जिथून निचरतं तो कोन काहींचा अरुंद असतो. त्यांना नैराश्याच्या काही गोळ्यांनी, विशेषतः अमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या गोळ्यांनी, दाब एकाएकी वाढू शकतो. अचानक डोळा ठणकून लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलट्या झाल्या तर तासाचाही उशीर नको. पण कोन उघडा असलेल्यांना हा धोका फारच कमी. म्हणून नेत्रतज्ज्ञांना सरळ विचारा, 'कोन उघडा आहे की अरुंद?' आणि ते उत्तर मानसोपचारतज्ज्ञांना सांगा. औषधं बरीच आहेत, त्यातून निवडता येतं. शिवाय समुपदेशनाचा डोळ्याच्या दाबाशी काही संबंध नाही.

मेसेजवाल्याला उलटी बाजू, म्हणजे डोळ्यांच्या औषधांनी मरगळ येण्याची, मात्र सुचलेली नाही. काचबिंदूत दाब कमी करायला देतात ते टिमोलॉलचे थेंब नाकावाटे रक्तात उतरतात; काहींची नाडी मंदावते, थकवा येतो, दम्याच्या माणसाला धाप लागू शकते. दाब कमी करणाऱ्या असेटाझोलामाइडच्या गोळ्यांनीही काहींना गळून गेल्यासारखं होतं. उदासी थेंब सुरू केल्यावर आली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, थेंब आपल्या मनानं बंद करू नका. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरला तर औषध शरीरात कमी जातं.

सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांचा आणि मानसोपचाराचा, दोन्ही विभाग आहेत. घराबाहेर पडायलाच नको म्हणणाऱ्यांसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतून. जाताना थेंबांची बाटली आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी दोन्हीकडं दाखवा.