दाजी, फ्रान्सला अनवाणी कुणी हरवलेलं नाही

रविवारी सकाळी सव्वासातला आमच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर तिरंगा, खाली जोडलेले हात, मध्ये पाय उघडे टाकून उभ्या असलेल्या खेळाडूंचा धुरकट फोटो. मथळा, 'हे तुम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही.' शेवटी दाजींनी स्वतःची एक ओळ जोडली होती: "मोठी माणसं अनवाणी खेळून फ्रान्सला हरवत होती, आणि आमच्या चिरंजीवांना अडीच हजारांचे स्टड पाहिजेत."

चिरंजीव म्हणजे माझा भाचा. वय चौदा. त्याच्या बुटांकडे नंतर येतो, आधी मेसेज काय म्हणतो ते थोडक्यात. १९५० साली फिफानं भारताला अनवाणी खेळतात म्हणून वर्ल्ड कपमधून काढलं. त्याचा सूड कॅप्टन पी. के. बॅनर्जींनी १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये घेतला आणि अनवाणी पायांनी फ्रान्सला लोळवलं. एवढं करूनही गरीब घरचा म्हणून कोलकात्याच्या बड्या क्लबांनी त्यांना दारात उभं केलं नाही. पुढं ते कोच झाले, पण तिथं नुसती भाषणं ठोकली. शेवटी हलाखीत गेले, सरकारनं साधं पदक दिलं नाही. 'पालकांनो, मुलाला मैदानावर पाठवण्याआधी विचार करा.'

म्हणजे बूट न घेताही खेळता येतं, आणि खेळून काही मिळत नाही, असे दोन्ही निष्कर्ष एकाच मेसेजमधून. दाजींना दोन्ही सोयीचे.

दाजींची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. पोत्यातून हळकुंड काढायचं, मोडायचं, आतला रंग बघायचा, मगच भाव बोलायचा. तीस वर्षांत न मोडता माल घेतलेला मी पाहिलेला नाही. हा माल मात्र तसाच, पोत्यासकट पुढं ढकलला. तेव्हा आता आपणच मोडून बघू.

फ्रान्सपासून सुरुवात करतो, कारण सगळी फसवणूक त्या एका ओळीत आहे. ऑलिम्पिकमधल्या फुटबॉल सामन्यांचे निकाल इंटरनेटवर आहेत, वर्षावार, गोल करणाऱ्यांच्या नावांसकट. मोबाइलवर पाच मिनिटांचं काम. १९६०चं पान उघडलं की दिसतं, भारत १, फ्रान्स १. बरोबरी. हरवलं वगैरे काही नाही. सामना रोम शहरातही झाला नव्हता, ग्रोसेतो नावाच्या गावात झाला होता. भारताचा गोल पी.के.चाच, आणि कॅप्टनही तेच, एवढं मेसेजवाल्याला बरोबर सापडलंय. त्याच गटात आपण हंगेरीकडून २-१ आणि पेरूकडून ३-१ हरलो. म्हणजे एकही सामना जिंकला नाही, गटात तळाला राहिलो.

यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, हे मात्र मुद्दाम सांगायला हवं. हंगेरीच्या त्या संघात फ्लोरियन आल्बर्ट होता, पुढं १९६७ साली युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. तो संघ शेवटी ब्राँझ घेऊन गेला आणि आपण त्यांच्याशी एका गोलानं हरलो. ही खरी गोष्ट एवढी चांगली आहे की तिच्यावर खोटं चढवायची गरज काय होती, ते मला कळत नाही.

आता पायांचं. अनवाणी खेळून फ्रान्सशी सामना झाला होता, हो. पण तो १९४८चा, लंडन ऑलिम्पिकचा. तेव्हा आपले बहुतेक खेळाडू उघड्या पायांनी उतरले होते, कॅप्टन तालिमेरेन आओ. आपण दोन पेनल्टी घालवल्या, फ्रान्सनं अगदी शेवटी गोल केला आणि आपण २-१ हरलो. आणि पी.के. तेव्हा कुठं होते? त्यांचा जन्म २३ जून १९३६चा. बारा वर्षांचं पोर होतं ते. मेसेज लिहिणाऱ्यानं १९४८चे पाय घेतले, १९६०चा कॅप्टन घेतला, निकाल मनानं लिहिला आणि त्याची झाली एक देशभक्तीपर गोष्ट.

मधली बारा वर्षं कुणी सांगतच नाही. १९५२ला हेलसिंकीच्या थंडीत आपला संघ पुन्हा बहुतांश अनवाणी उतरला. युगोस्लाव्हियानं दहा गोल घातले. १०-१. त्यानंतर आपल्याच फेडरेशननं बूट सक्तीचे केले. बूट घातल्यावर चार वर्षांत काय झालं? मेलबर्न, १९५६. यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक, भारत ऑलिम्पिकमध्ये चौथा. वीस वर्षांचे पी.के. त्या संघात होते. आणि १९६२ला जकार्ताच्या एशियाडमध्ये सुवर्ण, फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध २-१, पहिला गोल पी.के.चा. आपल्या फुटबॉलचे सगळे चांगले दिवस बुटांतले आहेत, दाजी.

१९५०चं मला वाटतं दर वर्ल्ड कपला येतं, त्यामुळं फार वेळ घालवत नाही. ब्रह्मदेश, इंडोनेशिया, फिलिपिन्स यांनी माघार घेतल्यामुळं आपण न खेळताच पात्र ठरलो होतो. ब्राझीलचे आयोजक प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायलाही तयार होते. पण बोटीचा लांबचा प्रवास, सरावाला वेळ नाही, संघनिवडीचा घोळ, आणि मुख्य म्हणजे त्या काळी आपल्या लोकांच्या लेखी ऑलिम्पिक हेच सर्वस्व, म्हणून आपणच गेलो नाही. ज्यांनी त्या संघाचं नेतृत्व केलं असतं त्या शैलेन मन्नांनीच ही अनवाणीची गोष्ट पुढं खोडून काढली होती. यापेक्षा वरचा साक्षीदार कुठून आणायचा? ती स्पर्धा सुरू झाली २४ जूनला. आदल्याच दिवशी पी.के. चौदा पूर्ण झाले होते. आमच्या भाच्याएवढे. सूड कसला घेणार?

बड्या क्लबांचं अर्धं खरं आहे, ते कबूल करतो. पी.के. खेळाडू म्हणून मोहन बागानकडूनही खेळले नाहीत आणि ईस्ट बंगालकडूनही. भारताचा कॅप्टन आणि कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांबाहेरचा, हे आजही ऐकायला विचित्र वाटतं. पण 'दारात उभं केलं नाही' हे कुठून आलं? १९५५ पासून ते ईस्टर्न रेल्वेत होते. नोकरी तिथं, खेळणं तिथं. आणि त्या ईस्टर्न रेल्वेनं १९५८ला कलकत्ता लीग जिंकली, मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग या तिघांना मागं टाकून. हे किती अवघड होतं? त्यानंतर या तिघांबाहेरच्या क्लबला लीग जिंकायला २०१९ उजाडलं. एकसष्ट वर्षं! मी स्वतः मिरज जंक्शनवर नोकरी करतो, त्यामुळं ही ओळ लिहिताना माझी छाती जराशी फुगली असेल तर समजून घ्या.

'कोच म्हणून नुसती भाषणं' या वाक्याचा मला खरा राग आला. माणूस खेळाडू म्हणून चमकला की कोच म्हणून त्याला मोडीत काढायचा, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. मेसेजवाल्यानं हेही ऐकीव उचललंय. पी.के. सामन्याआधी खेळाडूंशी जे बोलायचे त्याला कोलकात्यात 'व्होकल टॉनिक' म्हणायचे, ते प्रसिद्धच आहे. ते बोलायचे, भरपूर बोलायचे. नाकारत नाही.

पण भाषणानं पेलेला अडवता येतं का? २४ सप्टेंबर १९७७, ईडन गार्डन्स. पेलेचा अमेरिकेतला क्लब न्यूयॉर्क कॉसमॉस आलेला, पेले, कार्लोस आल्बर्टो, किनालिया सगळे. समोर मोहन बागान, कोच पी.के. गौतम सरकारला एकच काम दिलेलं, पेलेला सोडायचं नाही. गोलात शिबाजी बॅनर्जी. श्याम थापा आणि हबीबच्या गोलांनी बागान २-१ पुढं, आणि उशिरा मिळालेल्या एका वादग्रस्त पेनल्टीवर सामना २-२. पेलेला गोल नाही. कुणी कुणाच्या मागं पळायचं, कुठं थांबायचं, चेंडू गेला की जागा कुणी भरायची, हे सगळं आधी मैदानावर घोटून घ्यावं लागतं. त्याच हंगामात लीगमध्ये ईस्ट बंगालकडून मार खाल्लेला तो संघ होता. पुढं त्यानं आयएफए शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरँड, या तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या.

त्याआधी ते ईस्ट बंगालचे कोच होते. १९७० ते ७५ या क्लबनं सलग सहा वेळा लीग जिंकली, त्यातली शेवटची चार वर्षं पी.के.ची. १९७५च्या शील्ड फायनलला मोहन बागानवर पाच गोल. ५-०. त्या पाचांतले दोन श्याम थापाचे. तोच श्याम थापा, दोन वर्षांनी दुसऱ्या जर्सीत, पुन्हा पी.के.च्याच हाताखाली कॉसमॉसवर गोल करतो. हा निव्वळ भाषणाचा गुण असेल तर मी उद्यापासून मिरज स्टेशनच्या अनाउन्सरकडं शिकवणी लावतो.

आणि १९९७. फेडरेशन कपची सेमीफायनल, सॉल्ट लेक स्टेडियम, सव्वा लाखाहून जास्त माणसं. मोहन बागानचे कोच अमल दत्ता खेळाडूंच्या डायमंड नावाच्या मांडणीनं सगळ्यांना झोडत आलेले. सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंना चेष्टेची नावं ठेवली, भायचुंगला 'चुंग चुंग', ओमोलोला 'ऑम्लेट'. या वेळी बोलत होते ते समोरचे, बरं का. पी.के. ईस्ट बंगालच्या बाकावर, वय एकसष्ट. निकाल ४-१, भायचुंगची हॅटट्रिक. १९७५ आणि १९९७ यांत बावीस वर्षांचं अंतर आहे. खेळ बदलला, खेळाडूंची पिढी बदलली.

देशाच्या संघाचे कोच म्हणून मात्र त्यांची कमाई क्लबइतकी नाही, हेही लिहून टाकतो, नाहीतर दाजी म्हणतील मेव्हणा एकतर्फी बोलतो. १९७०च्या बँकॉक एशियाडचं ब्राँझ, जी. एम. एच. बाशांच्या जोडीनं, हे त्यांचं सगळ्यात मोठं यश. पुढं तिथवर पुन्हा जाता आलं नाही. फक्त एक, एशियाडचं फुटबॉलचं पदक भारताला त्यानंतर आजवर कुणीच दिलेलं नाही.

पदकांचं दोन ओळींत. १९६१ला अर्जुन, फुटबॉलसाठीचा पहिला. १९९०ला पद्मश्री. २००४ला खुद्द फिफाचा ऑर्डर ऑफ मेरिट. 'साधं पदक नाही' म्हणे. हलाखीचं तर विचारूच नका, माणूस रेल्वेच्या नोकरीतला, नव्वदच्या दशकात जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीचा टेक्निकल डायरेक्टर. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी आजारपणानं गेले, २० मार्च २०२०ला. जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी. आमच्याकडं कुणाला ते गेल्याचं कळलंच नाही याचं कारण तेवढंच, टीव्हीवर तेव्हा कोरोनाशिवाय काही नव्हतं.

आता राहिली पालकांनो-विचार-करा ही ओळ. फुटबॉलवर बहुतेकांचं घर चालत नाही, हे खरं आहे. मिरजेत आणि कोल्हापुरात मी असे कितीतरी बघितले, शाहू स्टेडियमवर ज्यांच्या नावानं शिट्ट्या पडायच्या आणि आज जे रिक्षा चालवतात. दाजींची काळजी खोटी नाही. पण त्यासाठी पी.के.चं उदाहरण देणं म्हणजे उलटाच न्याय. त्यांच्या हातात खेळाबरोबर नोकरी होती, आणि रेल्वेत खेळाडूंची भरती आजही होते. भाचा तिथवर पोचेल का, मला माहीत नाही. चौदाव्या वर्षी कुणालाच माहीत नसतं.

मला जे माहीत आहे ते बुटांचं. गेल्या गुरुवारी पोरगं आमच्या घरी आलं, व्हरांड्यात बसून बूट काढले. उजव्याचा तळ पुढून सुटलेला. स्टेशनबाहेरच्या चांभारानं नायलॉनच्या दोऱ्यानं दोनदा शिवलेला, आणि शिवणीची गाठ आत आलेली. अंगठ्याचं नख काळं पडलेलं. मी विचारलं, दुखतं का? तर म्हणाला, "मामा, पळताना नाही दुखत, थांबल्यावर दुखतं." ताईला सांगू नको म्हणाला. ताईला सांगितलं नाही, इथं लिहितोय.

वरचं सगळं ग्रुपवर टाकून दुपारचे चार तास झाले. दाजींच्या नावापुढं दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही. शनिवारी माझी सुट्टी आहे, कोल्हापूरला जाऊन स्टड घेऊन येतो. नंबर सहा. वाढतं वय आहे म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका, आत पाय सरकतो, असं पोरानं दोनदा बजावलंय.