मे महिन्यात लॅपटॉपची पारख

लॅपटॉपची उष्णता मोजणारे जाणकार परीक्षक वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत बसून ती मोजतात. मी मोजली तेव्हा नागपुरात बाहेर ४५ अंश होते आणि आमच्या दिवाणखान्यातले टेबल स्वतःच ३८ अंशांवर होते. पडदा पूर्ण मागे फिरवून टॅब्लेट करता येणारा हा लॅपटॉप पसंत न पडल्यास परत करण्याची मुदत मोजकीच असल्यामुळे पावसाची वाट पाहणे शक्य नव्हते.

मोजमापासाठी घरात एकच उपकरण होते, ते म्हणजे करोनाकाळात फाटकावर प्रत्येकाच्या कपाळावर रोखले जाणारे थर्मामीटर. माणसांसाठी बनवलेले असल्याने त्याची धाव ४२-४३ अंशांपर्यंतच. कीबोर्डच्या वर, बिजागरीजवळ ते रोखताच त्याने लाल दिवा लावून असा शंख केला, की रुग्णाला तत्काळ विलगीकरणात हलवावे. आतला आकडा दाखवणारे सॉफ्टवेअर बसवल्यावर कळले, की प्रोसेसर ९७ अंशांवर आहे. हा बिघाड नव्हे. सुमारे १०० अंशांची मर्यादा त्याला निर्मात्यानेच घालून दिलेली असते आणि ती जवळ आली, की तो आपला वेग आपणच आवरतो.

वेगाचा प्रकार तर याहून मासलेवाईक आहे. १५ वॅटचा म्हणवला जाणारा प्रोसेसर कामाच्या आरंभी त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज ओढण्याची मुभा घेतो आणि इंटेलच्या कित्येक प्रोसेसरांत ही मुभा साधारण २८ सेकंदांची असते. दुकानात विक्रेता आपल्याला जे काही चमकदार दाखवतो, ते सगळे या २८ सेकंदांत बसते, असा माझा संशय आहे. प्रोसेसरला राबवून वेगाचे गुण देणाऱ्या सिनेबेंच या सॉफ्टवेअरची चाचणी एकदाच घेतली तर गुण पाहून पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. तीच ओळीने घेत राहिल्यावर मात्र पहिल्या पंगतीला धावणारा वाढपी चौथ्या पंगतीला जसा पाय ओढत येतो, तशी यंत्राची चाल होते. कुलरसमोर ठेवले, की गुण पुन्हा वर चढत. पण ती जागा दुपारी बाबांची. “अहो, ओल धरेल त्याला,” असे म्हणून सौ.ने लॅपटॉपला तिथून उठवले आणि बाबांना बसवले. बाबांना ओल धरण्याची चिंता कोणीही व्यक्त केली नाही.

राहता राहिली आसने. मांडीवर किंवा गादीवर ठेवल्यास खालच्या जाळ्या बुजतात आणि पंखा कण्हू लागतो. टॅब्लेट करून हातात धरल्यास सगळी ऊब तळहातांना पोहोचते. तंबूसारखा उभा केला तर हवा मोकळी खेळते आणि यंत्र सर्वांत गार राहते, परंतु तेव्हा कीबोर्ड पाठीमागे गेलेला असल्यामुळे काम करता येत नाही.

खोक्यावर ‘बारा तासांपर्यंत’ असे छापले होते. बॅटरी ५२ वॅट-तासांची. म्हणजे बारा तास टिकायचे तर यंत्राने साडेचार वॅटहूनही कमी विजेवर गुजराण केली पाहिजे. ब्राउझरचे असंख्य टॅब, एक अवाढव्य एक्सेल आणि ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगा एवढ्या माझ्या माफक संसारात ते दहा-अकरा वॅट खाई आणि पाच तासांत मान टाकी. बॅटरीच सदोष असावी, या आशेने मी विंडोजकडून बॅटरीचा अहवाल काढला. मूळ क्षमता आणि प्रत्यक्ष क्षमता यांत नाव घेण्याजोगा फरक नव्हता. खुलासा खोक्यावरच्या बारीक अक्षरांत होता: पडद्याचा उजेड मंद आणि यंत्रात साठवलेला व्हिडिओ अखंड चालू. व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये स्वतंत्र विभाग असतो, त्यामुळे मुख्य प्रोसेसरला त्या वेळी जवळजवळ सुट्टीच असते. अशा रीतीने लॅपटॉप वापरणारा मनुष्य या भूतलावर कुठे असेल, असा त्रागा मी जेवताना केला.

तो मनुष्य वरणभात वाढत होता. दुसऱ्या दिवशी आईने नातवाकडून लॅपटॉपवर कीर्तने भरून घेतली, देवघराशेजारच्या तिवईवर तो तंबूसारखा उभा केला, डोळ्यांना झोंबतो म्हणून पडद्याचा उजेड उतरवला आणि सकाळी आठला सुरू केलेले कीर्तन रात्रीची ताटे मांडेपर्यंत चालू ठेवले. पंखा एकदाही वाजला नाही. मी चार्जर घेऊन उभाच होतो; बॅटरी अजून सहा टक्के शिल्लक होती.

“मशीन चांगली आहे बापा,” आई म्हणाली, “तुलाच वापरता येत नाही.”